वाजवणाराचा हात

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरात एक वाक्य दरवर्षी ऐकू येते. चकलीचा सोऱ्या दाबता दाबता माझी आई मध्येच थांबते, डाव्या हाताने उजवे मनगट चोळते आणि म्हणते, "हात भरून आला, बाई!" माझी बायको लगबगीने पुढे होते. "द्या आई, मी घालते." त्यावर ठरलेले उत्तर येते, "राहू दे गं, एवढा घाणा होऊन जाऊ दे." तो घाणा होतो, त्याच्या पुढचाही होतो आणि पहिल्या आंघोळीच्या दिवशी आपण सारे चकलीचा काटा कसा सुरेख उठला आहे याची तारीफ करत बसतो. मनगटाची आठवण कोणालाच होत नाही.

मैफलीचेही असेच आहे. आपण वाहवा देतो ती सुरांना. ज्या खांद्याने, मनगटाने आणि बोटांनी ते सूर काढले, त्यांची विचारपूस करण्याची रीत नाही. सतारियाच्या बोटावर तारांचे घट्टे पडलेले असतात. सारंगियाच्या नखांच्या मुळाशी कातडी कडक झालेली असते. आपण ते पाहतो आणि त्याला तपश्चर्येच्या खुणा म्हणतो. त्या तशा असतातही. पण वरच्या घट्ट्याखाली आत काय दुखत असेल, हे आपण विचारत नाही आणि वाजवणाराही सांगत नाही.

मी हे अधिकाराने लिहीत नाही. मी वैद्य नव्हे, संगीतज्ञही नव्हे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. पण चौदाव्या वर्षी मी तबला शिकत होतो आणि माझा हात बरा पडतो असे चार माणसे म्हणत असत. एके दिवशी कोपराखाली ठणका लागला. मी भीत भीत गुरुजींना सांगितले. ते प्रसन्न हसले. म्हणाले, "दुखतंय ना? छान! दुखल्यावाचून हात तयार होत नाही." मला तर तो गुरुमंत्रच वाटला. ठणका वाढला तसा मी रियाज वाढवला. वर्ष उलटले आणि एका सकाळी मला सदऱ्याची गुंडी लावता येईना. मी तबला सोडला. घरी सांगितले, मॅट्रिकचा अभ्यास आहे. हात दुखतो हे मात्र सांगितले नाही, कारण त्याची मला लाज वाटत होती. इतर मुलांचे हात तयार झाले, माझाच झाला नाही. म्हणजे कसूर माझीच, असा माझा हिशेब होता.

ही लाज माझ्या एकट्याची नव्हती हे फार उशिरा, पुस्तके वाचता वाचता कळले. ती माझ्याहून फार मोठ्या माणसांना वाटली होती. त्या लाजेची हकीकत आज सांगायची आहे, आणि त्यासाठी मला वाचकांना जरा दूर, जर्मनीतल्या लाइपझिग शहरी न्यावे लागेल.

1830 सालची गोष्ट. रॉबर्ट शूमान नावाचा वीस वर्षांचा तरुण कायद्याचे शिक्षण घेत होता, पण त्याचे सारे लक्ष पियानोत होते. त्या वर्षी फ्रँकफुर्टला त्याने पागानीनीचे व्हायोलिन ऐकले आणि त्याचा उरलासुरला कायदाही सुटला. आईची कशीबशी समजूत घालून तो फ्रीडरिश व्हीक या नामांकित पियानोशिक्षकाच्या घरी राहायला आला. घरातच गुरुकुल म्हणा ना! व्हीकची मुलगी क्लारा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि पियानोवरची तिची बोटे पाहून जाणती माणसे थक्क होत.

शूमानने उशिरा सुरुवात केली होती. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला घाई असते. ती घाई भागवायला त्या काळी बाजारात यंत्रेही होती. लोगिए नावाच्या गृहस्थाने 1814 मध्ये एका 'हातसाच्या'चे पेटंट घेतले होते. त्यात मनगट आणि बोटे अडकवून बसायचे, म्हणजे म्हणे हाताला आपोआप वळण लागते. घोड्याला लगाम घालावा तसे त्या पिढीने बोटांना सापळे घातले. शूमाननेही असलेच काहीतरी वापरले. त्याच्या 1832 च्या रोजनिशीत एका यंत्राचा उल्लेख आहे आणि त्याला त्याने गमतीने चिरुटावरून नाव दिले आहे. यंत्राने बोट बिघडले की बिघडलेले बोट सुधारावे म्हणून यंत्र आणले, यावर जाणकारांचा वाद आजही मिटलेला नाही. एवढे मात्र खरे, की त्या सुमाराला त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट त्याचे ऐकेनासे झाले.

मग सुरू झाले उपाय. रात्री औषधी पाल्याचा लेप, विजेचे झटके, होमिओपॅथीच्या पुड्या. त्यात एक उपचार असा होता, की नुकत्याच कापलेल्या जनावराच्या ऊन आतड्यांत हात बुडवून बसायचे. हे तो निमूटपणे करत होता. आपल्या अंगात गुराढोरांचा स्वभाव तर उतरणार नाही ना, अशी थट्टाही त्याने आईला लिहिलेल्या पत्रात केली आहे. ती थट्टा वाचताना हसू येते आणि लगेच गिळावेसे वाटते. कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने आईला कळवले, की हाताची आशा मी सोडली आहे. आता सेलो हे गुडघ्यांत धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य पुन्हा हाती घ्यावे, असाही त्याचा विचार होता. त्याचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते.

पुढे 1840 नंतर लाइपझिगच्या नागरी रक्षकदलातून सूट मिळावी म्हणून डॉक्टरने त्याच्या उजव्या हाताचा दाखला दिला. ज्या बोटाने पियानोवरचे राज्य घालवले, त्याने बंदुकीच्या चापापासून मात्र त्याला वाचवले. विसाव्या शतकातल्या वैद्यांनी त्या बोटाचे निदान पुनःपुन्हा केले. कोणी पाऱ्याच्या औषधाची बाधा म्हटली, कोणी हाताची शीर दबली म्हटले. अलीकडच्या अनेकांचा कौल असा, की दोष बोटात नव्हताच, मेंदूत होता. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

बोट गेले आणि शूमान रचनाकार झाला. त्याच्या रचना जगापुढे कोणी मांडल्या? क्लाराने. वाढत्या वयात ती त्याची प्रेयसी झाली आणि बापाशी कोर्टकज्जे करून 1840 मध्ये दोघांनी लग्न केले. त्याच्या बोटांनी नाकारलेले काम तिच्या बोटांनी आयुष्यभर केले.

व्हीक हा माणूस म्हणून कसाही असो, गुरू म्हणून एका बाबतीत शहाणा होता. त्याने मुलीला दिवसात तीनच तास पियानोपाशी बसू दिले आणि रोज लांबवर पायी फिरायला लावले. ज्या घरात शूमानने हात गमावला, त्याच घरात हा शहाणपणा नांदत होता. पण तो लहान मुलीसाठी होता. वीस वर्षांच्या, उशीर झालेल्या तरुणाला तो आपल्यासाठी आहे असे वाटले नसावे.

तरीही क्लारा सुटली नाही. 1856 मध्ये शूमान वारला. मागे मुलांचे लेंढार. घर चालवायचे ते मैफलींवर. तिने पहिली मैफल 1828 मध्ये केली, शेवटची 1891 मध्ये. तिच्या जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिकाच तेराशेच्या वर आहेत. 1857 पासून तिच्या पत्रांतून हाताच्या वेदनेचे उल्लेख येऊ लागतात आणि 1873 नंतर तर हाताने असा संप पुकारला की वर्षभराहून अधिक काळ तिला मैफली बंद ठेवाव्या लागल्या. दुखणे वाढले ते योहानेस ब्राम्सच्या वजनदार रचनांचा सराव करताना. ब्राम्स तिचा जिवाभावाचा मित्र. पण त्याच्या रचना मोठ्या पंजाच्या, दणकट पुरुषाच्या हातांसाठी बेतलेल्या असत.

याच ब्राम्सची एक हकीकत मला फार आवडते. 1877 च्या उन्हाळ्यात त्याने बाखची एक प्रसिद्ध व्हायोलिनरचना पियानोवर आणली, तीही केवळ डाव्या हातासाठी, आणि क्लाराला पाठवून दिली. क्लाराचे उत्तर आले: कील गावी पोहोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेबलाचा खण ओढताना माझ्या उजव्या हाताची शीर लचकली, आणि नेमकी तुझी ही भेट आली! बिचाऱ्या ब्राम्सला यातले काही ठाऊक नव्हते. हजार मैफली वाजवणारा हात एका खणाने लचकावा, याचे क्लाराला नवल वाटले असेल. आज कोणीही वैद्य सांगेल, की खण हे निमित्त होते. त्याच्या मागे चाळीस-पन्नास वर्षांचे ओझे उभे होते.

हे ओझे म्हणजे काय, ते समजण्यासाठी एक गंमत करून पाहा. घरातल्या मुलांनाही करायला सांगा. तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट आत दुमडा आणि त्याचे पेर टेबलाला टेकू द्या. आता अंगठा उचला; उचलतो. तर्जनी उचला, उचलते. करंगळीही उचलते. आता अनामिका उचला. काय झाले? जणू कोणी खिळा मारला आहे!

याचे कारण असे, की बोट हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतात. ते कोपराच्या खाली असतात. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात, मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जातात आणि बोटांच्या टोकांशी पोहोचतात. सारा कळसूत्री बाहुल्यांचाच खेळ म्हणायचा. त्यात अनामिकेची दोरी शेजारणींच्या दोऱ्यांशी आडव्या पट्ट्यांनी जखडलेली. म्हणून ती एकटीने फारसे काही करू शकत नाही. वाजवणारा मात्र तिच्याकडून एकटीचे काम मागतो, आणि तेही दिवसातून हजारो वेळा. दोऱ्या घासतात, सुजतात, बोगद्यात जागा पुरत नाही. 1880 च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरी एका शस्त्रवैद्याने पियानो वाजवणारांच्या त्या आडव्या पट्ट्याच कापायला सुरुवात केली होती. देवाने केलेल्या हातात दुरुस्ती! माणसाला घाई झाली म्हणजे तो काय काय करील, याला सुमार नाही.

रशियातला अलेक्झांडर स्क्रियाबिन हाही असाच घाईचा बळी. 1891 च्या सुमाराला, मॉस्कोच्या संगीतशाळेत असताना, एका तडफदार सहाध्यायाशी चढाओढ लागली म्हणून त्याने दोन महाकठीण रचनांचा सराव अट्टाहासाने केला आणि उजवा हात गमावून बसला. त्याचा हात पुढे बराचसा परतला. पण त्या आजारपणाची आठवण म्हणून 1894 मध्ये त्याने डाव्या हातासाठी रचलेल्या दोन सुंदर चिजा मागे राहिल्या.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर काय करत होते? इटलीतल्या बेर्नार्दिनो रामात्सीनीने 1700 मध्येच कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला होता. रोग्याला 'काय होते' याबरोबर 'काय काम करतोस' हेही विचारा, असे वैद्यांना बजावणारा हा पहिला मोठा माणूस. गायक आणि फुंकवाद्ये वाजवणारे यांच्या व्याधी त्याने नोंदल्या. 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण घातले. त्यात एका लेखनिकाची गोष्ट आहे: लिहून लिहून त्याचा उजवा हात लुळा पडला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि मग डावाही तसाच गेला. खडू आणि लेखणी यांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याने ही गोष्ट वाचून काही वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसावे, दुसरे काय!

1887 मध्ये व्हिव्हियन पूअर या इंग्रज डॉक्टरने पियानो वाजवणारांच्या हातांवर व्याख्यान छापले. 1926 मध्ये बर्लिनच्या कुर्ट झिंगर याने संगीतकारांच्या व्यवसायरोगांवर पुस्तकच लिहिले. हा झिंगर स्वतः मज्जाविकारांचा वैद्य आणि गायकवृंदाचा संचालकही होता. डॉक्टरांचा एक गायकवृंद त्याने उभा केला होता. वाजवणाराचे दुखणे त्याला दोन्ही बाजूंनी कळत होते. पण तो ज्यू. 1933 नंतर त्याचे स्थान गेले आणि 1944 मध्ये तेरेझिनच्या छावणीत त्याचा अंत झाला. हातांना बरे करू पाहणारा माणूस अशा हातांनी संपावा, हे लिहितानाही लेखणी अडखळते.

ज्ञान होते, पण ते वाजवणारांपर्यंत पोहोचत नव्हते. कारण वाजवणारे डॉक्टरकडे जातच नव्हते. आणि इथे मी माझ्या लाजेपाशी परत येतो.

लिऑन फ्लायशर हा अमेरिकन पियानोवादक 1928 मध्ये जन्मला. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवून त्याने नाव मिळवले आणि 1952 मध्ये ब्रुसेल्सची राणी एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. 1964 च्या सुमाराला त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. त्यानेही सगळ्यांनी केले तेच केले, म्हणजे सराव वाढवला. बोटे आणखी वळली. वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या आत दोन हातांचा फ्लायशर संपला. जीव द्यावा असेही त्याच्या मनात येऊन गेले. मग त्याने शिष्य घडवले, वाद्यवृंदाचे संचालन केले आणि डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या.

त्या रचनांतली सर्वांत मोठी फ्रान्सच्या मोरिस राव्हेलची. ती त्याने पॉल विट्गेनश्टाइनसाठी लिहिली होती. पहिल्या महायुद्धात, 1914 मध्ये, या व्हिएन्नाच्या पियानोवादकाचा उजवा हात कापावा लागला. पण तो हटला नाही, त्याने मोठमोठ्या रचनाकारांकडून एका हातासाठी रचना लिहवून घेतल्या. राव्हेलची रचना 1932 मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली. रणांगणावर हात गमावलेल्या माणसासाठी लिहिलेले संगीत सरावात हात गमावलेल्याच्या कामी आले.

विट्गेनश्टाइनचा हात तुटला हे सर्वांना दिसत होते. फ्लायशरचा हात जागच्या जागी होता. हाच तर पेच! न दिसणारे दुखणे कोण खरे मानणार? कबूल करावे तर मैफली जातात, कारण मोडके वाद्य कोणी भाड्याने घेत नाही. 1928 मध्येच जन्मलेला गॅरी ग्राफमन हा दुसरा नामांकित वादक. 1979 पर्यंत त्याचाही उजवा हात निकामी झाला. त्याने बोस्टनचे डॉक्टर गाठले आणि 1981 मध्ये त्याच्या दुखण्याची हकीकत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात उघडपणे छापून आली. मग कोठून कोठून वादक त्या डॉक्टरांची चौकशी करू लागले. जो तो आपण एकटेच आहोत असे समजून गप्प बसला होता! 1988 मध्ये अमेरिकेतल्या वाद्यवृंदांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्या 2,212 वादकांपैकी 76 टक्के लोकांनी सांगितले, की वाजवण्यात अडथळा यावा एवढे निदान एक तरी दुखणे आपल्याला आहे. शंभरांत शहात्तर! ज्याला अपवाद समजून लपवले, तोच नियम निघाला.

फ्लायशरच्या आजाराचे निदान पुढे झाले. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते. तीच हालचाल अतोनात केल्याने काही जणांत या जागांच्या सीमा पुसट होतात, आणि एका बोटाला दिलेला हुकूम दुसरेच बोट ऐकते. यात वेदना बहुधा नसते, म्हणून तर ते अधिक फसवे. 1982 मध्ये फ्लायशर बाल्टिमोरच्या नव्या सभागृहात दोन्ही हातांनी वाजवायला बसला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण हात बरा झालेला नाही हे तो मनातून जाणून होता, आणि पुन्हा डाव्या हाताकडे वळला. 1990 नंतर अंगमर्दनाच्या उपचारांनी आणि आकसणारा स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाच्या सुयांनी ती बोटे थोडी उलगडली. 2004 मध्ये 'दोन हात' अशा अर्थाच्या नावाने त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. मध्ये चाळीस वर्षे गेली होती. 2020 मध्ये तो वारला. उमेदीच्या काळात तासन् तास केलेल्या यांत्रिक सरावालाच तो दोष देत असे आणि शिष्यांना त्यापासून परावृत्त करत असे.

हे सारे वाचून रियाज करूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. रियाजावाचून विद्या नाही. पण थकवा वेगळा आणि दुखणे वेगळे. थकलेला हात रात्रीच्या विश्रांतीने ताजा होतो. सकाळी उठल्यावरही जो ठणकतो, तो हात काही सांगत असतो, आणि त्याचे ऐकायचे असते.

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात एका मुलीचे अक्षर अचानक बिघडलेले मला दिसले. तिच्या मनगटाला रुमाल बांधला होता. मी विचारले, "काय झालं गं?"

"काही नाही, सर."

"तबला शिकतेस ना तू? दुखतोय का हात?"

ती खाली पाहत म्हणाली, "दुखला की तयार होतो, सर."

तीस वर्षांनी तेच वाक्य! त्या दिवशी मी व्याकरण बाजूला ठेवले आणि वर्गाला शूमानची गोष्ट सांगितली. आतड्यांत हात बुडवण्याच्या जागी मुले खदखदून हसली. ती मुलगी हसली नाही. तिने एवढेच विचारले, "मग त्यांना पुन्हा वाजवता आलं का?"

संध्याकाळी तिच्या वडिलांना बरोबर घेऊन मी तिच्या गुरुजींकडे गेलो. वयोवृद्ध गृहस्थ. भांडणाच्या तयारीनेच गेलो होतो म्हणा. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि मग आपला उजवा हात पुढे केला. अनामिका अर्धी वाकलेली होती. "बारा वर्षं झाली, मास्तर," ते म्हणाले. "घरातही कोणाला बोललो नाही. शिष्यांना काय वाटेल?" मी आणलेले सारे भांडण तिथेच विरून गेले.

मुलीला डॉक्टरने तीन आठवडे विश्रांती दिली. गुरुजींनी तिची बैठक बदलली, जोडी तिच्या बेताने मांडली आणि अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारायची, असा नियम घातला. व्हीकचे नाव त्यांनी कधी ऐकले नसेल! परवा ते स्वतःही डॉक्टरकडे जाऊन आले, असे कळले. या पाडव्याला ती मुलगी त्यांच्यापुढे वाजवणार आहे आणि मला बोलावणे आहे.

तूर्त लेख आवरता घेतो. आत चकलीची भाजणी मळून तयार आहे आणि आईने मनगट चोळायला सुरुवात केलेली इथून दिसते आहे. आज निदान दोन घाणे तरी सोऱ्या मी दाबणार आहे. चकल्यांचा काटा मोडला, तर वाचकांनी मनावर घेऊ नये.